अनेक भाषांसाठी एक बॅक एंड : तत्त्व आणि व्यवहार

कंपायलर या विषयावरील कोणतेही पाठ्यपुस्तक घेतले तरी त्याच्या आरंभीच्या प्रकरणांत एक लहानसे गणित बहुधा आढळते. भाषा पाच आणि यंत्रे चार असतील, तर प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र कंपायलर लिहावयाचा म्हटल्यास वीस कंपायलर लागतात. त्याऐवजी प्रत्येक भाषेसाठी एक फ्रंट एंड, प्रत्येक यंत्रासाठी एक बॅक एंड आणि दोहोंच्या मध्ये एक सामाईक मध्यस्थ भाषा ठेवली, तर नऊ भागांत काम भागते. गुणाकाराच्या जागी बेरीज येते. हे गणित बरोबर आहे. तथापि त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की, मध्यस्थ भाषा ही सर्व मूळ भाषांपासून सारख्याच अंतरावर उभी असते. या गृहीताची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक आहे असे कोणी समजू नये. जळगाव-धुळ्याकडील पदव्युत्तर वर्गांत कंपायलरचा विषय शिकविताना आमचा अनुभव असा की, शब्दविश्लेषण आणि वाक्यविश्लेषण यांवर सत्राचा बराचसा काळ जातो, आणि त्यापुढचा भाग तयार साधनावर सोपविला जातो. मराठी राखीव शब्द असलेली एखादी लहान भाषा रचावी, तिचा फ्रंट एंड लिहावा आणि त्यातून एलएलव्हीएमची मध्यस्थ भाषा बाहेर काढावी, असा प्रकल्प हौशी विद्यार्थी आनंदाने पत्करतात. ‘जर’, ‘तर’, ‘जोवर’ हे शब्द पडद्यावर चालू लागले म्हणजे भाषा सिद्ध झाली असे त्यांना वाटते. परंतु त्या शब्दांमागील अर्थ कोणी ठरविला, हे विचारले असता उत्तर सहसा मिळत नाही. तो अर्थ बॅक एंडने ठरविलेला असतो.

सामाईक मध्यस्थ भाषेची कल्पना जुनी आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतील ‘शेअर’ या यंत्रवापर करणाऱ्यांच्या संघटनेच्या एका समितीने ‘अन्‌कोल’ या नावाने सर्व भाषांना व सर्व यंत्रांना जोडणारी एक मध्यस्थ भाषा सुचविली. स्ट्राँग, वेगस्टाइन, स्टील प्रभृतींच्या त्या निबंधात वर दिलेल्या गणिताचाच आधार होता. १९६१ मध्ये स्टील यांनी तिचा पहिला आराखडाही मांडला. परंतु अन्‌कोल व्यवहारात उतरली नाही. मध्यस्थ भाषा यंत्राच्या जवळ आणावी तर वरच्या भाषांतील अर्थ हरवतो. भाषांच्या जवळ न्यावी तर प्रत्येक नव्या भाषेबरोबर तिच्यात भर घालावी लागते. आणि सर्वांचे सर्व काही सामावून घ्यावे तर तिचा बॅक एंड लिहिणे हेच एक अवाढव्य काम होऊन बसते. पुढील सर्व प्रयत्नांना हा पेच कोणत्या ना कोणत्या रूपात भेटला आहे.

जे प्रयत्न यशस्वी झाले त्यांनी आपली महत्त्वाकांक्षा प्रथम आवरली. झुरिकमध्ये तयार झालेल्या पास्कल कंपायलरच्या पी-कोडने एकच भाषा अनेक यंत्रांवर नेली. म्हणजे गणितातील केवळ अर्धी बाजू सोडविली. १९८३ मध्ये टॅननबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या ॲमस्टरडॅम कंपायलर किटने अनेक भाषा घेतल्या. परंतु त्या एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या होत्या. यावरून एक निष्कर्ष निघतो. सामाईक बॅक एंड सर्व भाषांसाठी नसतो, तो एका कुळातील भाषांसाठी असतो. आणि कुळाबाहेरची भाषा त्यात आली म्हणजे घराची रचना बदलण्याचा प्रश्न उभा राहतो.

जीसीसीचा इतिहास याची साक्ष देतो. १९८७ मध्ये तो प्रथम बाहेर पडला तेव्हा तो नावानेच सी या भाषेचा कंपायलर होता. पुढे सी++, फोर्ट्रान, एडा इत्यादी भाषा त्याच्याशी जोडल्या गेल्या आणि १९९९ मध्ये त्याच्या नावातील ‘सी’ या अक्षराचा अर्थ बदलून ‘संग्रह’ असा करण्यात आला. नाव बदलले, पण आतील व्यवस्था त्या वेगाने बदलली नाही. प्रत्येक फ्रंट एंडचे वृक्ष आपापल्या पद्धतीचे असल्यामुळे सुधारणेचे बहुतेक काम यंत्राच्या जवळ असलेल्या आरटीएल या पातळीवर करावे लागे, आणि त्या पातळीवर पोहोचेपर्यंत मूळ भाषेतील पुष्कळशी माहिती गळून गेलेली असे. सर्व भाषांना समान असे जिंपल हे मध्यस्थ रूप जीसीसीच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २००५ मध्ये आले. सामाईकपणाची घोषणा आणि सामाईकपणाची सिद्धता यांत अशी वर्षे जातात.

येथे महाराष्ट्रातील कार्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. कारण या विषयाचा मधला भाग, म्हणजे भाषा आणि यंत्र या दोहोंपासून अलिप्त राहून केली जाणारी सुधारणा, हा मुंबईच्या आयआयटीत दीर्घकाळ अभ्यासिला गेला आहे. एकच गणना एका वाटेने अगोदर झालेली आहे आणि दुसऱ्या वाटेने झालेली नाही, अशा ठिकाणी दोन्ही वाटा मिळाल्यावर ती पुन्हा करणे अंशतः अनावश्यक असते. ही अनावश्यकता कशी हेरावी व काढावी याची रीत १९७९ मध्ये मोरेल आणि रेन्व्हॉइस यांनी दिली. प्रा. डी. एम. धामधेरे यांनी १९९१ मध्ये तिला व्यवहारोपयोगी रूप दिले. गणना कार्यक्रमाच्या खंडांत न ठेवता खंडांना जोडणाऱ्या कडांवर ठेवावी, हा त्यातील महत्त्वाचा विचार होय. पुढे प्रा. उदय खेडकर, प्रा. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा डेटा फ्लो विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जीसीसीची अंतर्रचना समजावून देणाऱ्या कार्यशाळाही त्याच संस्थेत भरल्या. सामाईक बॅक एंडच्या बाजूने याहून चांगला पुरावा देता येणार नाही. मूळ कार्यक्रम फोर्ट्रानमध्ये आहे की सीमध्ये, हे त्या विश्लेषणास विचारावेच लागत नाही. एकदा केलेले काम सर्वांच्या उपयोगी पडते.

दुसरा पुरावा अलीकडचा आहे. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये ख्रिस लॅटनर आणि प्रा. विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएमचे काम सुरू केले. अडवे हे मुंबई आयआयटीचेच पदवीधर. रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा आज त्याच पायावर उभ्या आहेत. आपल्या देशातील लाभ पाहावयाचा तर मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर पाहावेत. दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. जीसीसीने २०१७ मध्ये आणि एलएलव्हीएमने २०१९ मध्ये त्या आज्ञासंचाचा बॅक एंड अधिकृतपणे स्वीकारला, आणि त्याबरोबर या प्रोसेसरांना प्रत्येक भाषेचा कंपायलर नव्याने लिहिण्याचे कारण उरले नाही. ज्या देशाला स्वतःचे यंत्र उभे करावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही बचत थोडीथोडकी नव्हे. म्हणून प्रस्तुत टीका सामाईकपणाविरुद्ध आहे असे समजण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्याच्या तटस्थतेच्या दाव्यास.

हा दावा कोठे ढळतो, याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण रिकाम्या अखंड आवर्तनाचे. ज्या आवर्तनाचा बाहेर काहीही परिणाम होत नाही ते केव्हातरी संपेल असे कंपायलरने धरून चालावे, अशी मुभा सी++ भाषेच्या नियमांत आहे. एलएलव्हीएमच्या सुधारणा-टप्प्यांनी ही मुभा सर्वच भाषांना लागू असल्याप्रमाणे वागणूक ठेवली. रस्टमध्ये मात्र असे आवर्तन पूर्णपणे वैध आहे व ते कधीही संपू नये असाच त्याचा अर्थ आहे. परिणाम असा झाला की, रस्टमधील नियमानुसार लिहिलेले आवर्तन बॅक एंड पुसून टाकू शके. सीमध्येसुद्धा स्थिर अटीच्या आवर्तनास या मुभेतून वगळलेले आहे. म्हणजे पायात मुरलेला नियम सीचाही नव्हता, तो सी++चा होता. हा दोष २००६ पासून नोंदला गेलेला होता. ‘हे आवर्तन पुढे सरकलेच पाहिजे’ हे फ्रंट एंडने स्वतंत्र खुणेने सांगावे, अशी सोय २०२१ मधील बाराव्या आवृत्तीत झाली, तेव्हा कोठे हा प्रश्न मिटला.

दुसरे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. दोन संदर्भ एकाच स्मृतिस्थानाकडे निर्देश करीत नाहीत, असे आश्वासन रस्टमधील बदलक्षम संदर्भ सर्वत्र देतात. हे आश्वासन व्यक्त करण्याची सोय एलएलव्हीएममध्ये होतीच. परंतु सीमध्ये तशी खूण प्रोग्रामर क्वचित करतात. त्यामुळे ती वाट फारशी वापरात नव्हती, आणि रस्टने ती पदोपदी वापरताच तिच्यातील जुने दोष बाहेर पडले. रस्टला ती सोय एकाहून अधिक वेळा बंद करावी लागली. २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एखादी गोष्ट मध्यस्थ भाषेच्या व्याकरणात असणे आणि ती नित्य वापरून पारखलेली असणे, यांत अंतर आहे. ज्या भाषेचे वापरणारे अधिक, तिच्याच वाटा गुळगुळीत होतात.

तिसरे उदाहरण जावाच्या आभासी यंत्राचे. स्काला आणि क्लोजर या भाषा फंक्शनला प्राधान्य देणाऱ्या परंपरेतील आहेत. तेथे फंक्शनच्या शेवटी केलेली आवाहने स्मृती न वाढविता पार पडावीत अशी अपेक्षा असते. जावाला तिची गरज नव्हती, म्हणून यंत्रात ती सोय नव्हती. क्लोजरला ‘रिकर’ हा स्वतंत्र शब्द भाषेतच आणावा लागला आणि प्रोग्रामरला तो स्वतः लिहावा लागतो. येथे बॅक एंडची उणीव वर चढून भाषेच्या वाक्यरचनेपर्यंत आली.

या उदाहरणांवरून एक गोष्ट दिसेल. सामाईक पायात प्रथम आलेल्या भाषेचा स्वभाव मुरलेला असतो, आणि मागाहून येणारीस एक तर तो स्वीकारावा लागतो किंवा आपले वेगळेपण पायाच्या वर स्वखर्चाने बांधावे लागते. स्विफ्टने एसआयएल आणि रस्टने एमआयआर अशी स्वतःची मध्यस्थ रूपे एलएलव्हीएमच्या वर उभी केली, याचे एक मुख्य कारण हेच. आपल्या भाषेचे जे खास नियम आहेत त्यांची तपासणी त्यांना अर्थ गळून जाण्याच्या आधी करावयाची होती.

मराठी वाचकास हा अनुभव दुसऱ्या एका क्षेत्रातून परिचयाचा असावा. संगणकावर भारतीय लिप्या लिहिण्यासाठी इस्की ही संहिता १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. दहा लिप्यांना तिने एकच सांकेतिक तक्ता दिला. ‘क’ हे अक्षर देवनागरीत असो वा तमिळमध्ये, त्याचा संकेत एकच. ही सामाईक मध्यस्थ भाषेचीच कल्पना होय, आणि तिचे लाभही तेच होते. युनिकोडने लिप्या वेगळ्या केल्या, पण देवनागरीचा तक्ता इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावरून घेतला, आणि देवनागरी ही हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी इत्यादी भाषांत सामाईक राहिली. ‘दर्या’ आणि सातपुड्याच्या ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीला अत्यावश्यक आहे. तो दाखविण्यासाठी जे ‘ऱ’ अक्षर वापरले जाते, त्यापुढे युनिकोडच्या तक्त्यात ते द्राविडी भाषांतील एक वर्ण लिहिण्यासाठी असल्याची टीप आहे. मराठीची सोय त्याच्या अर्ध्या रूपातून करण्यात आली. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत ते ‘अ’ला अर्धचंद्राचे चिन्ह जोडून लिहिले जाई, आणि आजही दोन रीतींनी लिहिलेला तोच शब्द डोळ्यांस सारखा दिसला तरी यंत्राच्या लेखी भिन्न असतो, शोध घेतला असता एक सापडतो, दुसरा सापडत नाही. मराठीला कोणी मुद्दाम डावलले असे नव्हे. तक्ता मांडला जात असताना तिची विशेष गरज पुरेशी मांडली गेली नाही, एवढेच.

आता आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थी-प्रकल्पांकडे वळू. आपली लहान भाषा एलएलव्हीएमवर आणताना विद्यार्थी सामान्यतः एक सोपी युक्ती करतात. तोच कार्यक्रम सीमध्ये लिहून क्लँगकडून मध्यस्थ भाषा काढून घ्यावयाची आणि तिचा साचा आपल्या फ्रंट एंडमध्ये उतरवावयाचा. बेरजेच्या आज्ञेपुढे क्लँग ‘एनएसडब्ल्यू’ अशी तीन अक्षरे लिहितो; तीही उतरविली जातात. या तीन अक्षरांचा अर्थ असा की, ही बेरीज कधीही मर्यादेबाहेर जाणार नाही असे वचन भाषेने दिले आहे. सीने चिन्हांकित पूर्णांकांच्या बाबतीत मर्यादाभंगाचे वर्तन अनिर्धारित ठेवलेले असल्यामुळे क्लँगला तसे म्हणण्याचा अधिकार आहे. विद्यार्थ्याच्या भाषेने हे वचन कधी दिले?

बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ ही होय. हिशेब पैशांत ठेवला तर ही रक्कम २ कोटी १४ लक्ष ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे एवढी होते. कापसाच्या एका हंगामात जिन-प्रेस चालविणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याची उलाढाल ती सहज ओलांडील. समजा, विद्यार्थ्याने दक्षता म्हणून ‘एक रुपया मिळविल्यावर रक्कम पूर्वीहून मोठी आहे ना’ अशी तपासणी घातली. बॅक एंड वरील वचनावर विश्वास ठेवून म्हणेल की, बेरीज कधीच मर्यादेबाहेर जात नाही, तेव्हा हे विधान नेहमीच सत्य आहे. आणि ती तपासणी काढून टाकील. सुधारणा बंद असताना कार्यक्रम बरोबर चालेल, ती सुरू केल्यावर चुकेल, आणि दोष कोठे आहे हे फ्रंट एंड कितीही तपासला तरी सापडणार नाही. शब्द मराठी, परंतु अर्थ सीचा, अशी ती भाषा आहे. एलएलव्हीएममध्ये मर्यादाभंगाची वार्ता देणाऱ्या बेरजेची वेगळी सोय उपलब्ध आहे. स्विफ्टसारख्या भाषा मर्यादाभंग होताच कार्यक्रम थांबवितात. सोय असूनही ती घेतली गेली नाही, कारण आपल्या भाषेचा अर्थ आपण ठरवावयाचा आहे हेच लक्षात आले नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, दोष विद्यार्थ्याचा आहे, बॅक एंडचा नव्हे. तो अंशतः मान्य करावा लागेल. शिवाय सामाईक पायाच्या बाजूने एक मोठी गोष्ट अशी की, तेथे झालेली दुरुस्ती सर्वांना मिळते. रस्टच्या तक्रारीतून आवर्तनाचा जो दोष निघाला त्याचा लाभ सीलाही झाला. प्रत्येक भाषेने आपला बॅक एंड स्वतंत्र ठेवला असता तर प्रत्येकीचे दोष तिच्यापाशीच राहिले असते, आणि लहान भाषांना तर बॅक एंड परवडलाच नसता. २०१९ मध्ये पुढे आलेल्या एमएलआयआरने याहून एक पाऊल पुढे टाकले. एकच मध्यस्थ भाषा सर्वांवर न लादता अनेक पातळ्यांची मध्यस्थ रूपे एका चौकटीत नांदू द्यावीत, आणि प्रत्येक भाषेने आपला अर्थ जेथवर जपावयाचा तेथवर जपून मग खाली उतरावे, अशी तिची योजना आहे. १९५८ च्या एकमेव मध्यस्थ भाषेच्या स्वप्नाला हे साठ वर्षांनी दिलेले उत्तर आहे असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि चौकट कितीही उदार असली तरी एक अट राहतेच. मागाहून येणाऱ्याने आपली गरज नेमक्या शब्दांत मांडली पाहिजे. ‘ॲ’ला स्थान मिळाले ते ती गरज मांडली गेली म्हणून, आवर्तनाचा नियम सुटला तो कोणीतरी वर्षानुवर्षे दोषाचा पाठपुरावा केला म्हणून. ज्याला बॅक एंड म्हणजे एक बंद पेटी वाटते त्याला अशी तक्रार लिहिताच येत नाही. सामाईक पायाचा तो लाभार्थी होतो, भागीदार होत नाही.

म्हणून अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : विद्यार्थ्याने भाषा रचताना राखीव शब्दांची यादी करण्यापूर्वी अर्थनियम लिहावेत, मर्यादाभंग झाल्यास काय, शून्याने भागल्यास काय, न संपणारे आवर्तन वैध की अवैध. दुसरी : एकच लहान गणना सी, फोर्ट्रान आणि रस्ट यांत लिहून तिन्हींची मध्यस्थ रूपे शेजारी ठेवून वाचण्याचे एक प्रात्यक्षिक असावे, कोणत्या भाषेने बॅक एंडला कोणते वचन दिले हे त्यातून दिसेल. तिसरी : जीसीसी किंवा एलएलव्हीएममधील एखादा दोष लहान उदाहरणात आणून तो रीतसर नोंदविणे, हे काम प्रबंधिकेच्या योग्यतेचे मानले जावे. या कामास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही संग्रह खुले आहेत, आणि जळगाव अथवा धुळ्यातील साधा संगणक त्यास पुरेसा आहे.

पाच आणि चार मिळून नऊ, हे गणित वर्गात शिकविले पाहिजे यात शंका नाही. मात्र ते शिकविल्यानंतर, त्या नवांच्या मध्ये उभी असलेली भाषा कोणासाठी प्रथम घडविली गेली आणि तिच्यात आपली भर कशी घालावयाची, हा दहावा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवल्याशिवाय धडा पुरा झाला असे मानू नये.